लेव्हलची घाई आणि जोडधंद्यांचं मोल

एमएमओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांत गेल्या पंचवीस वर्षांत लेव्हल चढणं सोपं होत गेलं. ते गरजेचंही होतं. १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये पात्र मेलं की कमावलेला अनुभव कापला जाई, प्रसंगी लेव्हलही घसरे. अंगावरचं सामान मृतदेहापाशीच राही आणि ते आणायला पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जावं लागे. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला हे झेपणं कठीण. पण मांत्रिकाची शक्ती भरून येईपर्यंत सगळा गट थांबे, गप्पा होत, ओळखी पक्क्या होत.

२००४च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने वाट सुकर केली. क्वेस्टमागून क्वेस्ट, म्हणजे नेमून दिलेली कामगिरी, मिळे. सराईत विसावून आलेल्या पात्राला शत्रू मारल्यावर दुप्पट अनुभव मिळे. पण पुढे २०१४मध्ये थेट ९०व्या लेव्हलवर नेणारी सोय ६० डॉलरना विकायला आली आणि २०२०मध्ये कमाल लेव्हल १२०वरून ६०वर आणली गेली. आपल्याच खेळाचा रस्ता टाळण्यासाठी पैसे घेणं, ही तो रस्ता कंटाळवाणा झाल्याची कबुलीच आहे.

संथ गतीनेच खेळाडू पळतात असं म्हणावं, तर ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ समोर आहे. २०१३पासून चालू असलेल्या या खेळात एखादं कौशल्य ९९व्या लेव्हलला न्यायचं तर १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात; ९२व्या लेव्हलला जेमतेम निम्मी वाट सरलेली असते. तरी लोक तासन् तास मासे धरतात, कारण त्या माशाला गिऱ्हाईक आहे. शार्क धरायला मासेमारीची ७६वी लेव्हल लागते, रांधायला स्वयंपाकाची ८०वी. आणि रांधलेला शार्क लढणाऱ्याच्या जखमा भरून काढतो.

२००३च्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ने हे सूत्र आणखी पुढे नेलं होतं. लढून दमलेल्या पात्राचा शीण घालवायला मद्यालयात नर्तक आणि वादक खेळाडू लागत. तलवारीला हातही न लावता माणूस त्या जगात मानाने राहू शके. २००५च्या फेररचनेत तीसहून अधिक व्यवसाय ९वर आले आणि अनेक निष्ठावान खेळाडू निघून गेले. लढाईपलीकडचं आयुष्य दुय्यम मानण्याची ती जबर किंमत होती.

आज बहुतेक खेळांत जोडधंदे भरपूर आहेत, पण त्यातले कितीतरी रोजच्या हजेरीसारखे झालेत: ठरलेलं काम उरका, ठरलेलं बक्षीस घ्या. त्यात दुसऱ्या खेळाडूचा संबंधच येत नाही. ‘फायनल फँटसी १४’ या बाबतीत उजवा ठरतो. तिथे सुतार, आचारी, कोळी हे स्वतंत्र पेशे आहेत, त्यांना स्वतःच्या लेव्हल आणि स्वतःच्या कथा आहेत. कठीण मोहिमेवर निघालेले गट खेळाडूंनीच रांधलेलं अन्न खाऊन उतरतात. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये भटकंती आणि कारागिरीनेही लेव्हल वाढते, आणि जुन्या प्रदेशात गेलेल्याची ताकद तिथल्या मापाने उतरवली जाते, त्यामुळे नवखा आणि मुरलेला एकत्र खेळू शकतात.

म्हणून लेव्हल किती तासांत चढते, या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. माझ्या श्रमाची त्या जगात कुणाला गरज आहे का, या प्रश्नाला होकार देणारा खेळ संथ असला तरी टिकतो. ज्याला तो देता येत नाही, त्याने वेग कितीही वाढवला तरी खेळाडू शेवटच्या लेव्हलला लवकर पोचतो आणि तितक्याच लवकर निघून जातो.