‘हम आपके हैं कौन..!’ : समीक्षकांची नापसंती आणि प्रेक्षकांचे अभिप्राय

सारांश

५ ऑगस्ट १९९४ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘हम आपके हैं कौन..!’ या हिंदी चित्रपटाची अनेक परीक्षणकारांनी ‘लग्नाची व्हिडिओ कॅसेट’ अशी संभावना केली. प्रेक्षकांनी मात्र तो वर्षानुवर्षे डोक्यावर घेतला. प्रेक्षकांच्या अभिप्रायांचे समीक्षेत नेमके स्थान कोणते, हा प्रश्न या विसंगतीतून उभा राहतो. प्रस्तुत निबंधात या अभिप्रायांतील प्रमुख सूत्रांची आणि त्यांच्यातील मौनाची चिकित्सा केली आहे. प्रेक्षकांचे मत तुच्छ मानणे आणि ते अंतिम मानणे या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

लोकप्रियता आणि कलात्मक मूल्य यांचा संबंध हा समीक्षेतील जुनाच वादविषय आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना प्रेक्षकांच्या प्रतिसादाला स्थान दिले आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार आणि अंगावर उठणारे रोमांच यांचा अंतर्भाव त्यांनी ‘मानुषी सिद्धी’त केला. त्याच अध्यायात प्रेक्षकाच्या अंगी कोणते गुण असावेत, याचीही चर्चा आहे. म्हणजे आपल्या परंपरेने प्रेक्षकाचे मत ग्राह्य धरले, परंतु ते तपासून घेण्याची सोयही ठेवली.

आधुनिक काळात स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये संदेशाचे सांकेतन आणि विसांकेतन यांविषयी जी मांडणी केली, तिचाही रोख प्रेक्षकाच्या सक्रियतेकडे आहे. प्रेक्षक संदेश जसाच्या तसा स्वीकारतो, काही तडजोड करून स्वीकारतो किंवा विरोधी भूमिकेतून वाचतो, असे तीन प्रकार त्यांनी कल्पिले. या दोन सूत्रांच्या आधारे प्रस्तुत चित्रपटाचा विचार करता येतो.

चित्रपटाची पार्श्वभूमी

सूरज बडजात्या दिग्दर्शित हा चित्रपट राजश्री प्रॉडक्शन्सच्या ‘नदिया के पार’ (१९८२) या चित्रपटावर बेतलेला आहे. त्याचे मूळ केशवप्रसाद मिश्र यांच्या ‘कोहबर की शर्त’ या हिंदी कादंबरीत आहे. कादंबरीचा शेवट शोकात्म आहे. पूर्व उत्तर प्रदेशातील ग्रामीण जीवनाची ही कथा १९९४ मध्ये श्रीमंत उद्योजकाच्या प्रशस्त बंगल्यात आली आणि तिचे स्वरूप प्रणयविनोदी झाले.

कथानक थोडक्यात असे. राजेश आणि पूजा यांच्या विवाहाच्या निमित्ताने राजेशचा धाकटा भाऊ प्रेम आणि पूजाची बहीण निशा यांची ओळख होते. चेष्टा-मस्करीतून त्यांचे प्रेम फुलते. पूजा जिन्यावरून पडून मरण पावते. तिच्या तान्ह्या बाळासाठी निशाने राजेशशी विवाह करावा, असे वडीलधारे ठरवतात. निशा व प्रेम त्यागाला सिद्ध होतात. अखेरीस सत्य उघड होऊन दोघांचा विवाह होतो. तीन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात चौदा गाणी आहेत आणि रूढ अर्थाचा खलनायक नाही.

चित्रपटाचे मराठी भाषकांशी असलेले नातेही लक्षणीय आहे. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे आणि प्रिया अरुण हे कलावंत त्यात होते. संगीतकार रामलक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. ‘पांडू हवालदार’ (१९७५) पासून दादा कोंडके यांच्या चित्रपटांशी हे नाव जोडलेले होते. नृत्यदिग्दर्शनासाठी जय बोराडे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समीक्षकांचा नकार आणि प्रेक्षकांची गर्दी हा अनुभव कोंडके यांच्या चित्रपटांमुळे मराठी समीक्षेला नवा नव्हता. तेथे अश्लीलतेचा आक्षेप होता. येथे अतिरिक्त सोज्वळतेचा होता, एवढाच फरक.

समीक्षकांचे आक्षेप

आक्षेपांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. पहिला आक्षेप रचनेविषयीचा होता. कथानक क्षीण आहे, संघर्ष उशिरा येतो, साखरपुडा, विवाह, पाठवणी, डोहाळजेवण आणि बारसे यांची मालिका म्हणजे चित्रपट नव्हे, असे म्हटले गेले. दुसरा आक्षेप विचारप्रणालीविषयीचा होता. रुस्तम भरुचा यांनी १९९५ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या चित्रपटातील सुखलोकाची कठोर चिकित्सा केली. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर उपभोगाचे जे नवे जग खुले झाले, त्याला परंपरेचे आणि भक्तीचे कोंदण देण्याचे काम हा चित्रपट करतो, या दिशेने अशा टीकेचा रोख होता.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मिठाई, शीतपेये, मोटारी आणि दागिने यांची येथे रेलचेल आहे. पण ही संपत्ती कोणाच्या श्रमातून येते, हे दिसत नाही. नोकर कुटुंबाचे घटक म्हणून वावरतात, त्यांच्या वेतनाचा प्रश्न उद्भवत नाही. हुंड्याचा तर उच्चारही नाही. तथापि हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो. एवढे सगळे न दिसण्याइतका प्रेक्षक भाबडा होता काय?

प्रेक्षकांचे अभिप्राय : ‘सहकुटुंब पाहता येतो’

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया उबेरॉय यांचा अभ्यास उपयुक्त ठरतो. त्यांनी दिल्लीतील प्रेक्षकांशी संवाद साधून या चित्रपटाच्या प्रेक्षणाची नोंद केली. त्यांचा निबंध रेचल ड्वायर व ख्रिस्तोफर पिनी यांनी संपादित केलेल्या ग्रंथात २००१ मध्ये समाविष्ट झाला. चित्रपट स्वच्छ आहे, त्यात अश्लीलता नाही, तो सर्व कुटुंबासह पाहता येतो, हा अभिप्राय त्यांना वारंवार ऐकू आला.

वरवर पाहता हे विधान नीतिविषयक वाटते. वस्तुतः ते चित्रपटगृहाविषयीचेही विधान आहे. ऐंशीच्या दशकात व्हिडिओमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे चित्रपटगृहापासून दुरावली होती. १९९२ नंतर उपग्रह वाहिन्यांनी त्यात भर घातली. अशा वेळी राजश्रीने या चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेट बाजारात आणण्याचे दीर्घकाळ टाळले. मुंबईच्या लिबर्टीसारख्या चित्रपटगृहात जाऊन, अधिक दराचे तिकीट काढून तो पाहणे हाच एक कौटुंबिक समारंभ झाला. ‘सहकुटुंब पाहता येतो’ या शब्दांत आजी, सून आणि नात यांना एकत्र घराबाहेर पडण्याचे निमित्त मिळाल्याचा आनंद सामावलेला आहे. ज्या घरातील स्त्रियांना एकट्याने चित्रपटाला जाण्याची मोकळीक नव्हती, त्यांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती. परीक्षणकार बहुधा एकटा चित्रपट पाहतो. म्हणूनच हे मूल्य त्याच्या हिशेबात आले नाही.

‘अश्लीलता नाही’ या अभिप्रायाचेही बारकाईने वाचन आवश्यक आहे. आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, ‘खलनायक’मधील माधुरी दीक्षित यांच्यावर चित्रित झालेल्या गाण्यावरून मोठा वादंग झाला होता. ‘हम आपके हैं कौन..!’ मध्येही शृंगार आहे. नायिकेची पाठ उघडी टाकणारी चोळी आणि जांभळी साडी त्या काळी फॅशन म्हणून गाजली. मात्र येथे तो शृंगार डोहाळजेवणाच्या, स्त्रियांच्या मेळाव्याच्या चौकटीत येतो. प्रेक्षकाने अश्लीलता मोजली ती वस्त्राच्या लांबीने नव्हे, तर नात्याच्या चौकटीने. दीर-वहिनी, मेहुणा-मेहुणी, व्याही-विहीण या नात्यांत थट्टेला परंपरेनेच मुभा दिलेली आहे. मराठी लग्नातील उखाणे, विहिणींना उद्देशून म्हटली जाणारी गाणी आणि नवरदेवाची कानपिळी या त्याच मुभेच्या खुणा होत. उत्तर भारतीय लग्नातील जोडे पळवण्याचा प्रसंग मराठी प्रेक्षकाने सहज आपलासा केला आणि आज तो येथील लग्नांतही सर्रास दिसतो, याचे कारण ही पूर्वपीठिका आहे.

यावरून रचनेविषयीचा पहिला आक्षेपही तपासता येतो. घरातील विधी ही ज्यांची स्वतःची कला, त्या स्त्रियांना विधींची मालिका कथाशून्य वाटली नाही. कोण कोणाला घास भरवते, कोणाच्या चेष्टेला कोण उत्तर देते, यातून नात्यांची जी हालचाल होते, तीच त्यांच्या दृष्टीने कथा होती. चित्रपट एकदा पाहून पुन्हा पाहणारे प्रेक्षक पुढे काय घडते हे जाणण्यासाठी जात नव्हते; समारंभात पुन्हा सहभागी होण्यासाठी जात होते. चित्रकार एम. एफ. हुसेन यांनीही हा चित्रपट अनेकदा पाहिला आणि पुढे माधुरी दीक्षित यांना घेऊन ‘गजगामिनी’ (२०००) केला. पुनःप्रेक्षणाचा हा आनंद केवळ अप्रगल्भ अभिरुचीचे लक्षण मानता येत नाही.

अभिप्रायांचे दुसरे सूत्र : ‘कुटुंब असे असावे’

उबेरॉय यांच्या अभ्यासातून पुढे येणारी दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे प्रेक्षक या कुटुंबाकडे वास्तव म्हणून नव्हे, तर आदर्श म्हणून पाहत होते. ‘असे असते’ आणि ‘असे असावे’ यांतील अंतर त्यांना ठाऊक होते. हॉल यांच्या परिभाषेत हे तडजोडीचे वाचन होय. आपल्या घरातील सासू-सुनेचे ताण, भावाभावांतील वाटण्या आणि हुंड्याची बोलणी विसरून नव्हे, तर ती मनात ठेवूनच प्रेक्षक पडद्यावरील घर पाहत होता. चित्रपटाने वास्तव लपवले, हा आक्षेप खरा असला तरी प्रेक्षक फसला, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

अभिप्रायांतील मौन

येथपर्यंत प्रेक्षकांची बाजू घेता येते. परंतु ‘त्याग’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे. निशाचा त्याग हा चित्रपटातील सर्वाधिक हेलावणारा भाग. हा त्याग कसा घडतो? बहिणीच्या पश्चात बाळासाठी तिचे लग्न ठरते. आपला विवाह प्रेमशी होणार असा तिचा समज होतो आणि ती होकार देते. विवाहाची तयारी सुरू झाल्यावर तिला खरा प्रकार कळतो, आणि ती गप्प राहते.

गैरसमज हे प्रणयविनोदाचे जुने साधन आहे. येथे मात्र त्याच्या आधाराने एक गंभीर गोष्ट सहज घडून जाते. वधूच्या होकारापूर्वी वराचे नाव तिला स्पष्टपणे सांगणे कोणालाही आवश्यक वाटत नाही. इतक्या प्रेमळ, इतक्या बोलक्या घरात हे घडते. मृत पत्नीच्या धाकट्या बहिणीला त्याच घरी देण्याची पद्धत मराठी समाजालाही अपरिचित नाही; किती मेहुण्यांच्या होकाराची अशीच गृहीतके झाली असतील, याची नोंद कोठेही नाही. अखेर निशाचे पत्र टफी हा कुत्रा राजेशपर्यंत पोहोचवतो आणि कोंडी फुटते. चित्रपट या प्रसंगाचे श्रेय श्रीकृष्णाच्या कृपेला देतो. त्याचा दुसरा अर्थ असा की, या आदर्श कुटुंबात मनातले बोलू शकणारा एकही माणूस उरलेला नव्हता. तसेच मामाने मामीला भर कुटुंबात थप्पड मारण्याचा प्रसंग खलनायक नसलेल्या या घरातील शिस्तीचे साधन उघड करतो.

‘स्वच्छ चित्रपट’ या अभिप्रायात या दोन्ही प्रसंगांना जागा नाही. स्वच्छतेची कसोटी देहाला लागली, संमतीला लागली नाही. ही उणीव एकट्या प्रेक्षकाची नव्हे. ‘लग्नाची कॅसेट’ म्हणून हसणाऱ्या परीक्षणकारानेही लग्नात वधूला कोणी काय विचारले, हे पाहिले नाही. कॅसेट म्हणून हिणवल्यानंतर ती नीट पाहण्याची गरज त्याला उरली नव्हती.

समारोप

या चित्रपटाला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि निकोप मनोरंजन देणाऱ्या लोकप्रिय चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकिटबारीने आणि पुरस्कारांनी प्रेक्षकांच्या मतावर शिक्कामोर्तब केले, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. परंतु तिकिटांची संख्या प्रेक्षक किती आले हे सांगते. ते काय पाहून गेले, हे सांगत नाही. त्यासाठी त्यांचे शब्द ऐकावे लागतात, आणि ज्या ठिकाणी ते शब्द संपतात तेथे चित्रपटाकडे पुन्हा वळावे लागते.

महाविद्यालयीन अध्यापनात चित्रपटाचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांच्या ‘आवडला’ या उत्तराला प्रश्नाचा शेवट न मानता आरंभ मानणे इष्ट ठरेल. कोणाबरोबर पाहिला, कोणत्या प्रसंगी हसू आले, कोठे डोळे भरून आले आणि त्या वेळी पडद्यावरील कोणती व्यक्ती गप्प होती, हे विचारले असता अभिरुची आणि चिकित्सा या परस्परविरोधी राहत नाहीत. ‘हम आपके हैं कौन..!’ वर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाचा आनंद खरा होता. त्या आनंदाचा अवमान न करता निशाला कोणी विचारले होते काय, हा प्रश्न त्याच्यासमोर ठेवणे, हे समीक्षेचे काम आहे.