‘गुप्त लिपी’ : एका संज्ञेची चिकित्सा

संगणकावरील खासगी फाइलींचे ‘एन्क्रिप्शन’ समजावून देताना ‘गुप्त लिपी’ अथवा ‘सांकेतिक भाषा’ या संज्ञा सर्रास योजल्या जातात. त्या वापरणाऱ्याची दिशाभूल करतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गुप्त लिपीचे ठळक उदाहरण मराठी वाङ्मयातच आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी लिपींत शतकानुशतके जतन केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि तो ग्रंथसंभार अभ्यासकांस खुला झाला. अशा लिपीची उकल तत्त्वतः शक्य असते, कारण अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह आले तरी खालची मराठी हलत नाही. कोणते अक्षर वारंवार येते, कोणते कोणाशेजारी बसते, प्रत्यय कोठे डोकावतात, हे चिन्हांच्या पडद्याआडूनही दिसत राहते. भाषेतील या पुनरावृत्तीचा आणि गुप्तलेखनाच्या दुर्बलतेचा संबंध क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात गणिताने मांडला.

आधुनिक पद्धतीचे स्वरूप मूलतः निराळे आहे. अमेरिकेत २००१ मध्ये मानक ठरलेली ‘एईएस’ पद्धती मजकुराचे १२८ बिटांचे तुकडे घेऊन ते किल्लीच्या साहाय्याने अनेक फेऱ्यांत घुसळते. ती योग्य रीतीने योजली असता फाइलीच्या आकारमानावाचून भाषेचा मागमूस उरत नाही. पद्धती सर्वांस ज्ञात आहे. गुप्त असते ती केवळ किल्ली. हे तत्त्व १८८३ मध्ये मांडणारे ऑग्युस्त केर्कहॉफ्स हे भाषांचे अध्यापक होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजणारी संख्या ७८ अंकी आहे. एकेक करून त्या तपासणे मानवी साधनांच्या आवाक्याबाहेरचे होय.

तथापि ही किल्ली बहुधा माणसाने रचलेल्या परवलीच्या शब्दाने उघडते, आणि तेथे भाषा मागील दाराने परत येते. मुलाचे नाव, जन्मवर्ष, आवडते दैवत यांची वारंवारता अक्षरांच्या वारंवारतेइतकीच अनुमानसुलभ असते. फासे टाकून ७७७६ शब्दांच्या यादीतून सहा शब्द निवडले, तर हा दोष बव्हंशी टळतो.

प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. बोलींच्या क्षेत्रकार्यात निवेदक आपल्या घरातील कलह, जातीमुळे सोसलेला अपमान, क्वचित गावातील बलवंतांची नावेही विश्वासाने सांगतो. ते ध्वनिमुद्रण लॅपटॉपवर उघडे ठेवून केवळ प्रवेशाचा परवलीचा शब्द लावणे म्हणजे दाराला कडी घालून भिंत मोकळी सोडणे होय. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की सारे वाचता येते. उलटपक्षी, संपूर्ण डिस्क बद्ध केली तरी यंत्र उघडे असताना ते संरक्षण उरत नाही, आणि किल्ली हरवल्यास स्वतः संशोधकासही मजकूर परका होतो.

म्हणून ‘कूटबद्ध’ ही संज्ञा अधिक ग्राह्य वाटते. तिच्यातील ‘बद्ध’ हे पद किल्लीची आठवण करून देते; आणि ती किल्ली कोणाच्या हाती आहे, हे विचारणे निवेदकाच्या विश्वासास पात्र होण्याची पहिली अट आहे.