शब्दकोडे : परीक्षा की सोडत?

लोंढा जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहण्यात ज्यांच्या आयुष्याचा काही भाग गेला आहे, त्यांना वर्तमानपत्रातील शब्दकोड्याची ओळख करून देण्याची गरज नाही. एकीकडून गोव्याचा मार्ग येतो, दुसरीकडे हुबळी, तिसरीकडे बेळगाव-मिरज. पावसाळ्यात घाटात गाडी अडली की अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत सारा अंक वाचून होतो आणि हाती कोड्याचा चौकोन तेवढा उरतो. राज्य शासनाच्या सेवेत असताना फिरतीवर आम्ही असे चौकोन पुष्कळ भरले. दिवसभर कन्नडातून टिपणे लिहावयाची आणि परतीच्या गाडीत मराठी शब्द शोधावयाचे, असा क्रम अनेक वर्षे चालला. आपण मराठीशी संबंध राखून आहोत, याचे समाधान त्यात होते.

निवृत्तीनंतर या समाधानाची जरा तपासणी करावीशी वाटली. गेल्या पावसाळ्यात निरनिराळ्या दैनिकांतील कोड्यांची कात्रणे एका वहीत चिकटवून आम्ही ती पुन्हा वाचली. निष्कर्ष असा, की आम्हांस कोडी सोडवता येतात, पण त्यामुळे आमचे मराठी वाढल्याचा पुरावा वहीत सापडत नाही. तेच तेच शब्द फिरून फिरून भेटतात : कमल, नयन, सदन, कनक, नमन, वदन, सरस. ही मराठी कोणाच्या घरी बोलतात?

कोडेकाराच्या आळसाला दोष देण्यापूर्वी चौकटीची रचना पाहिली पाहिजे. आर्थर विन यांचे पहिले कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले, तेव्हा त्यातील प्रत्येक घरात इंग्रजीचे एक सुटे अक्षर होते. स्वर वेगळा, व्यंजन वेगळे. मराठीत आपण एका घरात संपूर्ण अक्षर बसवतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सारे एकाच घरात. ‘वाङ्मय’ तीन घरांत मावते, ‘कंठ’ दोन घरांत. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जेथे छेदतात, तेथे नुसता ‘क’ जुळून भागत नाही. आडव्यात ‘की’ असेल तर उभ्यातही ‘की’च हवी. असे शब्द मिळवणे कष्टाचे असते. काना-मात्रा नसलेला ‘क’, ‘न’, ‘र’, ‘ल’ मात्र कोठेही जुळतो. म्हणून कमल, नयन, कनक ही मंडळी कोड्यात कायमची वस्तीला आली. चौकट ज्यांना सोईची, त्यांचीच निवड होते. भाषेला कोणी विचारीत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा पेच याहून बिकट आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी तत्सम शब्दांच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. मोल्सवर्थच्या कोशातील ‘कवि’ आपण ‘कवी’ लिहू लागलो. समासात मात्र ‘कविवर्य’मधली वेलांटी पहिलीच राहिली. म्हणजे ‘कवी’चे दुसरे घर ‘कविवर्य’च्या दुसऱ्या घराला छेदू शकत नाही. काही कोडेकार येथे सूट घेतात व ‘वि’ काय आणि ‘वी’ काय, एकच मानतात. आमच्या मते ही सूट देऊ नये. शब्दज्ञानाची परीक्षा घ्यावयाची आणि शुद्धलेखनाचे गुण माफ करावयाचे, हे विसंगत आहे. (आमचे मत कडक वाटेल. कार्यालयीन मसुदे दुरुस्त करण्यात हयात गेलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे?)

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. ‘पाणी (२)’ असा एक संकेत आमच्या वहीत वारंवार येतो. उत्तर जल असेल, नीर असेल, तोय असेल, अंबूही असेल. ‘वारि’ला नव्या नियमाने दीर्घ करून ‘वारी’ही मांडता येईल, मग ती पंढरीची समजून वाचकाने हात जोडले तर त्याचा दोष नाही. छेदणाऱ्या शब्दाने निवाडा केला तर ठीक. पण पुष्कळदा छेदणारा शब्दही असाच पाच तोंडांचा असतो. अशा वेळी सोडवणारा विचार करीत नसतो, अंदाज बांधीत असतो.

हा भेद केवळ चवीचा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो एकदा तोलून पाहिला आहे. त्या प्रकरणाचा आपल्या भागाशी निकटचा संबंध येतो. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा सुळसुळाट झाला होता. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कोडेस्पर्धा चालत आणि प्रवेशिका मुंबई राज्यभरातून गोळा होत. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे छपाई म्हैसूर राज्याच्या राजधानीकडची आणि फी भरणारे इकडचे, असा प्रकार होता. घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी चार आणे, आठ आणे घालून कुपने पाठवल्याच्या कथा आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. बक्षीस कोणास लागल्याची कथा मात्र ऐकली नाही. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ साली दुरुस्ती करून परराज्यात छापल्या जाणाऱ्या पत्रांतील स्पर्धाही करकक्षेत आणल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५७ साली निर्णय झाला. शब्द योग्य आहे की नाही यापेक्षा तो आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळतो की नाही यावर बक्षीस ठरत होते. सबब हे कौशल्य नव्हे, हा जुगार आहे, असे न्यायालयाने ठरविले. तत्पूर्वी १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची आणि प्रवेशिकांवर दोन हजारांची मर्यादा घातली होती.

आजच्या दैनिक कोड्यात पैसा नाही, म्हणून जुगाराचा आरोप त्यावर येत नाही. पण ‘पाणी (२)’ हा संकेत त्याच जातीचा आहे. कोडेकाराच्या मनात जे मोहोरबंद आहे ते ओळखा, एवढेच तो सांगतो.

सामान्यज्ञानाच्या संकेतांत हा दोष अधिक बोचतो. ‘कर्नाटकातील एक जिल्हा (४)’ असा संकेत आमच्या वहीत आहे. बे, ळ, गा, इथवर पेन्सिल न थांबता गेली. चौथ्या घरात काय लिहावे? १ नोव्हेंबर २०१४ पासून शासकीय नाव ‘बेळगावी’. आपल्या तोंडात ‘बेळगाव’. त्या घरातून खाली उतरणारा शब्द ‘वळण’ की ‘वीणा’, यावर सारे अवलंबून. आम्ही स्वतः सेवेच्या अखेरच्या वर्षांत प्रत्येक कागदावर एक नाव लिहिले आणि घरी आल्यावर दुसरे उच्चारले. हे घर आम्ही त्या दिवशी कोरे ठेवले. कोडेकाराने बहुधा दूरच्या शहरात बसून सहज लिहिलेला संकेत असावा. या एका घरावरून किती मोर्चे निघाले, किती कागद न्यायालयात गेले, ते त्याच्या ध्यानीही नसेल.

पुण्याच्या पेठा आणि साताऱ्याची थंड हवेची ठिकाणे आमच्या मुलांना विचारली जातात, याबद्दल तक्रार नाही. ती ठाऊक असावीत. पण कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, खानापूरच्या रानातून निघून गोव्यात मांडवी होणारी म्हादई, रायण्णाला १८३१ साली जेथे फाशी दिले ते नंदगड, यांना आमच्या वहीतील एकाही कोड्यात घर मिळालेले नाही.

आमची नात बेळगावला इंग्रजी शाळेत शिकते. कन्नड तिला शाळेमुळे येते, मराठी घरामुळे. सुट्टीत ती आली असता वही तिच्यापुढे ठेवली. ‘तोय’ हे उत्तर पाहून ती म्हणाली, “आज्जा, हे पाणी कोण पितंय?” आम्ही निरुत्तर झालो. त्याच वेळी बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि त्यांना काय म्हणतात हे तिला सांगता येत नव्हते. ‘वळचण’ तिने ऐकला नव्हता, ‘इरले’ चित्रातही पाहिले नव्हते, ‘परडे’ ठाऊक होते पण तो कन्नड शब्द असावा असा तिचा समज होता. जो शब्द पुस्तकातच आहे तो कोड्यात येतो, आणि जो वळचणीला उभा आहे त्याला कोडे आत घेत नाही.

याचा अर्थ संकेत सोपे करावेत असा नव्हे. उलट ते अवघड असावेत. मात्र उत्तर सापडल्यावर तेच का, हे संकेतातच दिसले पाहिजे. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये १९३० पासून कोडी येऊ लागली आणि पुढे तेथील संकेतांत शब्दांची फोड व द्व्यर्थ मुरले. आपल्याला हे परके वाटावयास नको. निरोष्ठ रामायण, दामरामायण रचणाऱ्या मोरोपंतांची ही भाषा. सभंग श्लेष तिच्या हाडीमासी आहे. आम्ही नातीसाठी दोन-तीन संकेत करून पाहिले. ‘जेवण आणि महापूर एकत्र आले की आपला तालुका (४)’. ती क्षणभर थांबली आणि ‘खानापूर!’ म्हणून ओरडली. ‘मोटारीवर घाव घातला तर समुद्रकाठचे शहर लागते (४)’ याला वेळ लागला, पण कारवार निघाले. ‘कृष्णाचे पालनकर्ते किल्ल्यावर (४)’ हे तिने आम्हांस न विचारता सोडवले आणि मग रायण्णाविषयी आपण होऊन विचारले. येथे बाहेरच्या मोहोरबंद उत्तराची गरज पडली नाही. शब्द सापडला की तो स्वतःच आपली साक्ष देतो.

एवढ्या बळावर आम्ही सात घरांची संपूर्ण चौकट मांडावयास घेतली. पागोळी, वळचण, इरले, म्हादई आडवे बसवले. उभे शब्द जुळवता जुळवता दोन संध्याकाळी गेल्या आणि कोडेकारांविषयी आमच्या मनातील राग पुष्कळ ओसरला. ‘म्हा’ने सुरू होणारे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘म्हातारा’ सुचला, तो नातीने आमच्याकडे पाहत मान्य केला. खालचा उजवा कोपरा मात्र काही केल्या भरेना. शेवटी तेथे ‘कमल’ लिहावे लागले.