घडीतून उठणारे वस्त्र

वस्त्र अंगासाठी असते, हे विधान इतके उघड आहे की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्या मनात येत नाही. जपानी वेषकार इस्से मियाके (१९३८–२०२२) यांनी २०१० साली ‘वन थ्री टू फाइव्ह’ या नावाने जी वस्त्रे सादर केली, ती पाहताना मात्र हा पुरावा मागावासा वाटतो. एक कापड, त्याचा तीन मितींचा आकार, त्याची दोन मितींची घडी आणि अंगावर आल्यावर लाभणारी नवी अवस्था, असा त्या आकड्यांचा अर्थ आहे.

शिंपी आधी माप घेतो आणि मग कापड बेततो. येथे हा क्रमच उलटला आहे. त्सुकुबा विद्यापीठातील जून मितानी यांनी कागदाच्या घड्यांतून त्रिमितीय आकार रचणारी संगणकप्रणाली सिद्ध केली होती. मियाके यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आधारे प्रथम आकार निर्माण केला, मग तो सपाट केला, कातरण्याच्या रेषा ठरविल्या आणि पुनर्वापर केलेल्या पॉलिएस्टरवर उष्णतेने घड्या दाबल्या. जमिनीवर ठेवलेली चपटी भौमितिक आकृती वर उचलताच तिचे वस्त्र होते.

या प्रयोगाचे मोल निःसंशय आहे. ‘क्लो’सारख्या प्रणाली पडद्यावरील पुतळ्यावर कापड कसे पडेल ते दाखवितात, नमुने शिवून पाहण्याचा खर्च त्यामुळे वाचतो. पण ते शिंप्याच्या जुन्याच कामाचे सुलभीकरण होय. मियाके यांनी यंत्राला नवा आकार शोधावयास लावले.

तथापि एक आक्षेप उरतोच. आपले नऊवारी लुगडेही एकसंध, सपाट कापडच. पण निऱ्या किती घ्यावयाच्या, काष्टा किती ओढावयाचा, हे नेसणारी रोज ठरविते. शेतात जाताना ते वर खोचले जाते, समारंभात घोळदार होते. वकिली भाषेत सांगावयाचे तर येथे निर्णयाचा अधिकार नेसणारीकडे राखून ठेवलेला आहे. मियाके यांच्या वस्त्रात मुख्य घड्यांचा निकाल भूमितीने आधीच दिलेला असतो. अंगाला फारतर त्यावर किरकोळ दुरुस्ती सुचविता येते. म्हणूनच ही वस्त्रे उलगडताना जितकी मोहक वाटतात, तितकी ती अंगाची वाटत नाहीत. आकाराचा शोध संगणकाने खुशाल घ्यावा. शेवटची घडी मात्र परिधान करणाऱ्याच्या हाती राहावी.