तुसाच्या राखेची अर्धी गोष्ट

‘भाताच्या तुसापासून पक्का रस्ता’ हा प्रकल्प शालेय विज्ञान-प्रदर्शनांत आमच्या वारंवार पाहण्यात येतो. काळ्या मातीत राख मिसळली की माती भक्कम होते, असे तक्त्यावर लिहिलेले असते. आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. चांगल्या जळालेल्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते खरी. पण चुना व पाणी मिळाल्याखेरीज तिच्यापासून मातीचे कण बांधून धरणारे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होत नाही. (सिमेंटची ताकदही मुख्यतः त्याचीच.) तक्त्यावर चुन्याचे नावही नसते!

शिवाय, राख कोणती? सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आत जळालेल्या तुसातील सिलिका अस्फटिक, म्हणून क्रियाशील असते. फार तापल्यास ती स्फटिकरूप होऊन मंदावते. त्यामुळे कोणत्याही भातगिरणीतली राख सरसकट चालेल, असे नाही.

काही प्रकल्पांत चुना असतो, तर तुलना नसते. काळी माती नुसत्या चुन्यानेही सुधारते, मग श्रेय राखेला कसे? गोळे चार हवेत: माती, माती-राख, माती-चुना, माती-राख-चुना. चुना शिक्षकांनीच हाताळावा. गोळे महिनाभर ओलसर ठेवून, वाळवून पाण्यात सोडावेत. शेवटच्या दोन गोळ्यांत फरक दिसला, तरच राखेबद्दल काही बोलता येईल.