मातीखालचे मांजर

खुनावर हसविणारे स्वस्त चित्रपट सुसंस्कृत माणसालाही का आवडावेत? रॉजर कॉर्मन याने ‘अ बकेट ऑफ ब्लड’ १९५९ साली अवघ्या पाच दिवसांत, सुमारे ५० हजार डॉलरांत उरकला. त्यात याचे उत्तर सापडते.

कॉफीगृहात उष्ट्या बशा उचलणाऱ्या वॉल्टर पेस्लेच्या हातून घरमालकिणीचे मांजर चुकून मरते. तो ते मातीने लिंपतो, आणि कालपर्यंत त्याला हिणवणारी रसिक मंडळी त्या ‘शिल्पा’पुढे माना डोलवू लागतात. आता पुढची कलाकृती कोणती? मग माणसे मरू लागतात. (दुसऱ्या पुस्तकाची अशीच विचारणा ऐकलेल्या आम्हां कादंबरीकारांना हे पाहताना अवघडल्यासारखे होते.)

हसू येते ते खुनाचे नव्हे. मातीतून डोकावणारे केस पाहिलेला मालक लिओनार्ड पोलिसांना फोन करू लागतो. तोच एक संग्राहक त्या मांजराचे ५०० डॉलर देऊ करतो, आणि फोन राहून जातो. ते हसू लिओनार्डचे, आणि थोडे आपलेही.

पैशाची चणचण येथे उपकारकच ठरली आहे. मूर्ती दुकानातल्या पुतळ्यांसारख्या निर्जीव दिसतात. त्या खरोखर सुंदर असत्या, तर रसिकांची वाहवा रास्त वाटली असती आणि विनोदच मेला असता. शेवटी मात्र दारिद्र्य नडते. गळफास घेतलेल्या वॉल्टरच्या अंगावर माती हवी, तेथे नुसता करडा रंग आहे. तरीही कवी ब्रॉक त्या लोंबत्या देहाकडे पाहून, ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती, असा अभिप्राय देऊन मोकळा होतो.