स्वातंत्र्याची मागणी आणि तिचा कल्पित श्रोता

स्वदेशाच्या स्वातंत्र्यासाठी परदेशात झटणाऱ्या संघटनांचे लेखन बहुधा इतिहासाचे साधन म्हणून वाचले जाते. ते कोणाला उद्देशून लिहिले गेले, हा साहित्याभ्यासाचा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. अमेरिकेतील दोन भारतीय संघटनांचे लेखन शेजारी ठेवल्यास या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते.

१ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’चा पहिला उर्दू अंक निघाला, पुढच्याच महिन्यात गुरुमुखी आवृत्ती आली. त्यातील कवितांचे ‘गदर दी गूंज’ हे संकलनही प्रसिद्ध झाले. या कवितांचा श्रोता लाकडाच्या गिरण्यांत व शेतांत राबणारा पंजाबी मजूर होता. ‘कुली’ म्हणून होणाऱ्या अवहेलनेचे मूळ त्या मायदेशाच्या पारतंत्र्यात शोधतात आणि परत जाऊन लढण्याचे आवाहन करतात.

लाला लजपतराय यांनी १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन केलेल्या इंडिया होमरूल लीगचा रोख याउलट अमेरिकी लोकमताकडे होता. त्यांच्या ‘इंग्लंड्स डेट टू इंडिया’ (१९१७) या इंग्रजी ग्रंथात आर्थिक शोषणाची बाजू आकडेवारी आणि ब्रिटिशांच्याच साक्षी देऊन मांडलेली आहे. मजुराचा अपमान येथे केंद्रस्थानी नाही. परक्या वाचकाला पटेल असा पुरावा आहे.

एक आवेशपूर्ण काव्य, दुसरे संयत गद्य, एवढाच भेद नोंदवणे अपुरे ठरते. दोन्ही संहितांनी आपापला श्रोता काही अंशी कल्पिलेला आहे. लीगने न्यायबुद्धीचा अमेरिकी वाचक गृहीत धरला. त्याच वर्षीच्या कायद्याने मात्र भारतीयांच्या स्थलांतराला बंदी घातली. गदरच्या कवितेने उठावास सिद्ध असलेला देश गृहीत धरला. ‘गदर’मध्ये क्रमशः छापल्या गेलेल्या सावरकरांच्या मूळ मराठी ‘१८५७’ ग्रंथाने या श्रद्धेला स्मृतीचा आधार दिला. प्रत्यक्षात फेब्रुवारी १९१५ चा उठाव फितुरीमुळे फसला आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विष्णु गणेश पिंगळे व कर्तारसिंग सराभा यांना लाहोरला फाशी झाली.

म्हणूनच अशा लेखनाला ‘प्रचारकी’ म्हणून बाजूस सारणे हे समीक्षेने आपलेच काम टाळणे होय. श्रोत्याची कल्पित प्रतिमा आणि प्रत्यक्ष श्रोता यांतील अंतराची किंमत कोणी मोजली, हे तपासणे तौलनिक साहित्याभ्यासाचे कार्य आहे.